वायरमनच्या हाताला मुंग्या येतात तेव्हा

नव्या घराचे काम निघाले की घरमालक फरशीचा रंग, नळांची कंपनी आणि खिडक्यांच्या जाळ्या यांवर आठवडे घालवतो. वायरिंगच्या बाबतीत मात्र त्याचा एकच प्रश्न असतो: पॉइंटचा भाव काय? ठेकेदार आणि वायरमन यांचा हिशेबही पॉइंटवरच चालतो. एक दिवा म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक पॉइंट. या एका पॉइंटमागे भिंतीला झिरी मारणे, पाइप बसवणे, स्प्रिंग टाकून वायर ओढणे, वायरची टोके सोलणे, बोर्ड भरणे, मान वर करून पंखा चढवणे अशी बरीच कामे असतात. त्यांचा भार शेवटी येतो तो कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या जागेवर.

दिवसाचे पॉइंट मोजले जातात. त्या दिवशी मनगट किती वेळा पिळले गेले, हे कोणी मोजत नाही. हिशेब अवघड नाही. एका बोर्डात ८ स्विच, प्रत्येकाला २ स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूला पाच-सहा पिळे धरले, तर एक बोर्ड भरताना मनगट ८० ते १०० वेळा फिरते. असे १० बोर्ड भरणारा माणूस संध्याकाळपर्यंत हजाराच्या घरात जातो. यात कटरने तोडलेल्या वायरी, मुठीला गुंडाळून ओढलेली केबल आणि छिन्नीवर बसलेले हातोडे धरलेलेच नाहीत. अशा हाताने पन्नाशीच्या आधीच तक्रार सुरू केली तर नवल नाही. नवल वाटावे ते ही तक्रार ज्या सहजतेने सगळेच उडवून लावतात त्याचे. ठेकेदार म्हणतो, धंद्यात एवढे चालायचेच. घरचे म्हणतात, तेल लाव. वायरमन स्वतः औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढतो, कारण खाडा झाला तर रोज बुडतो.

डॉक्टरही यात मागे नाहीत. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांग दाराबाहेर गेलेली असते. केसपेपरवर 'हात दुखणे, तीन महिने' असे लिहिले जाते, वेदनाशामक गोळ्या पाच दिवसांच्या दिल्या जातात आणि पुढच्या रुग्णाला हाक जाते. या घाईत राहून जातो तो एक साधा प्रश्न: काम काय करता? इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. वैद्याने रुग्णाला जे प्रश्न विचारायचे, त्यांत हा प्रश्न जोडलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याच ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत दिवसभर टाक चालवणाऱ्या कारकुनांच्या हाताचे दुखणे त्याने नोंदवले. पुढे विजेच्या तारा आल्या आणि तारायंत्राची कळ दाबणाऱ्यांचे हात आखडू लागले. ब्रिटनने १९०८ साली त्या दुखण्याला नुकसानभरपाईस पात्र असलेल्या आजारांच्या यादीत जागा दिली. म्हणजे वीज आणि हाताचा पेटका यांची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

'हात दुखतो' या दोन शब्दांत निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक पेटका, म्हणजे स्नायूचा गोळा येणे. काही भागांत याला वांब येणे म्हणतात. दुसरी ठणका किंवा कळ, जी एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक हालचालीने उठते. आणि तिसरी मुंग्या व बधिरपणा. वायरमन या तिन्हींना एकच नाव देतो, पण तिन्हींची कारणे वेगळी आहेत, उपाय वेगळे आहेत आणि धोकाही सारखा नाही.

पेटक्यापासून सुरुवात करू. पक्कड आवळून धरलेली असते आणि अचानक अंगठा तळहाताकडे ओढला जातो, बोटे वाकडी होतात, सोडू म्हटले तरी सुटत नाहीत. स्नायू थकला की त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा तोल बिघडतो. 'आवळ' हा हुकूम चालू राहतो आणि 'सोड' हा हुकूम क्षीण होतो. उन्हाळ्यात याची भर पडते. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पंखा अजून लागलेलाच नाही अशा खोलीत दुपारभर काम करणाऱ्याचा शर्ट वाळला की त्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात. ते मीठ शरीरातून गेलेले असते आणि त्याच्या जागी आलेले असतात दोन कप चहा. ब्रिटनमधल्या खोल, उष्ण कोळसाखाणींतल्या कामगारांना असेच पेटके येत. नुसते पाणी भरपूर पिऊन ते थांबत नव्हते, पाण्यात थोडे मीठ घातल्यावर थांबत, हे १९२० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत हेच काम करते. खूप घाम गाळणाऱ्याने ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात घालून दिवसभर घोट-घोट घ्यावे. ते नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पेटका आलाच तर हाताशी झटापट करू नये. हत्यार खाली ठेवावे. शिडीवर असल्यास आधी दुसऱ्या हाताने आधार घेऊन खाली उतरावे. कोपर सरळ, तळहात पुढे, आणि दुसऱ्या हाताने बोटे हळूहळू मागे, असा ताण २० ते ३० सेकंद द्यावा. झटका देऊ नये. मग हात चोळावा, शक्य असल्यास कोमट पाण्यात धरावा. बहुतेक पेटके एवढ्याने सुटतात.

पण रोज येणारा, रात्री झोपेत येणारा किंवा पायांतही येणारा पेटका केवळ पकडीच्या श्रमाचा नसतो. मग रक्ततपासणी हवी: साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम, कॅल्शियम, ब १२. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळीही पेटक्यांना कारण होऊ शकते. आणि एक पेटका असा असतो की तो फक्त एकाच कामाच्या वेळी येतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की बोटे वेडीवाकडी वळतात, तोच हात जेवताना किंवा गाडी चालवताना ठीक असतो, आणि दुखत तर काहीच नाही. हा मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांमधला बिघाड आहे. कारकुनांच्या 'लेखणीच्या पेटक्या'चा तो भाऊबंद. त्यावर वेदनाशामकाचा काडीचाही उपयोग नाही, मेंदूविकारतज्ज्ञच लागतो.

आता मुंग्या. वायरमनच्या हाताचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि सर्वांत कमी बोंबही इथेच असते, कारण बधिर हात फार दुखत नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावर जाड पट्ट्याचे झाकण आहे. या बोगद्यातून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू, मीडियन नर्व्ह, एकत्र जातात. वायरमनला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. पाव इंच जागेत कोंबलेल्या वायरी आणि त्यांत एक नाजूक वायर, हे त्याने रोज पाहिलेले असते. दिवसभर मूठ आवळली, मनगट वाकवून पक्कड दाबली, की दोऱ्यांभोवतीचे अस्तर सुजते. बोगदा मोठा होऊ शकत नाही, म्हणून दबते ती नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागात मुंग्या येतात, करंगळी सुटते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, वाढलेले वजन यांत तो अधिक आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्येही तो अधिक आहे, आणि नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत पॅनल व वायरिंगची जोडणी करणाऱ्या हातांत बरेच हात स्त्रियांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. त्यांची दुसरी पाळी घरी पोळपाटावर सुरू होते.

याची खूण रात्री पटते. पहाटे दोन-तीनला हात जड होऊन जाग येते, माणूस उठून बसतो, थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतो आणि बरे वाटते. ही कहाणी ऐकली की अर्धे निदान झाले. उरलेले अर्धे उलट्या नमस्काराने होते: दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून, बोटे जमिनीकडे करून, मनगटे मिनिटभर वाकलेली ठेवायची. याच बोटांत मुंग्या उठल्या तर संशय पक्का समजून डॉक्टरांकडे जावे. सुलट नमस्कारही करून पाहण्यासारखा आहे. तळहात एकमेकांना सपाट टेकत नसतील, बोटांच्या सांध्यांपाशी फट राहत असेल, तर जुन्या मधुमेहाने सांधे आखडलेले असू शकतात. साखर कधी तपासली नसेल तर ती तपासण्याचे हे चांगले निमित्त आहे.

हातात मुंग्या घेऊन घड्याळजी किंवा शिंपी काम करत राहिला तर काम बिघडते. वायरमनच्या बाबतीत जीव जाऊ शकतो. बोटांच्या टोकांना वायरचा तुटलेला केस लागत नाही, स्क्रू नीट आवळला गेला की नाही ते कळत नाही, गरम झालेली जोडणी गरम वाटत नाही. सैल राहिलेला स्क्रू ठिणग्या मारतो आणि आग वर्षभराने दुसऱ्याच्या घरी लागू शकते. पकड ढिली पडून पक्कड हातातून निसटते ती नेमकी उघड्या पॅनलमध्ये. त्यात रोज रात्री दोन वेळा झोपमोड झालेला माणूस सकाळी फेज आणि न्यूट्रल ओळखतो आहे. इन्शुलेशन ठीक आहे का हे पाहायला मेगर असतो. ज्या हाताने मेगर धरायचा, त्या हाताची तपासणी वर्षानुवर्षे होत नाही.

बाकीची दुखणी थोडक्यात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर तिथल्या दोन दोऱ्यांचे अस्तर सुजलेले असते. स्विस शल्यविशारद द केर्व्हें याने १८९५ मध्ये ते वर्णिले. बोट वाकवल्यावर अडकते आणि 'टक्' करून सुटते, तो ट्रिगर फिंगर. कोपराच्या बाहेरच्या हाडावरची कळ ही टेनिस एल्बो. रॅकेट जन्मात हाती न धरणाऱ्यालाही पिळे मारून-मारून ती होते. करंगळीकडच्या बाजूला मुंग्या असतील तर दोष वेगळ्या नर्व्हचा, बहुधा कोपरापाशी. तळहाताच्या बुडाने ठोकून बॉक्स बसवण्याची सवय असलेल्यांना तर करंगळीच्या बाजूची रक्तवाहिनीच जखमी होऊ शकते. तळहात हा हातोडा नाही. आणि छताकडे पाहून दिवसभर काम करणाऱ्याच्या हातातली कळ कधी कधी मानेतून आलेली असते. मान मागे झुकवल्यावर कळ खांद्यातून खाली उतरत असेल तर तपासणी मानेची करावी लागते.

यंत्राचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. हॅमर ड्रिल आणि ब्रेकरमुळे झिरी मारायचे काम झटपट होऊ लागले, पण छिन्नीचे कष्ट गेले आणि कंप आला. अमेरिकेत इंडियाना राज्यातील चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी आणि बधिर पडत; डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये हे तपशिलात नोंदवले. आपल्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडलेली क्वचित दिसतात, त्यामुळे हा आजार आपल्याकडे नाहीच असा समज आहे. बधिरपणा आणि पकड सुटणे मात्र थंडीची वाट पाहत नाही. युरोपात २००२ पासून हाताला बसणाऱ्या कंपाची मर्यादा ठरलेली आहे: आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय करायचे, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचे नाही. आकडे रुक्ष वाटतील, पण त्यांचा अर्थ असा की १० चा कंप देणारे यंत्र हातात असेल तर पहिली पायरी अर्ध्या तासात आणि कमाल मर्यादा दोन तासांत गाठली जाते. आपल्याकडे एकच हेल्पर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ब्रेकर धरून उभा असतो. तो बहुधा विशीतला असतो, आणि त्याच्या हाताची रक्कम चाळिशीत चुकती होते.

शॉक लागल्यावर होणारे दुखणे वेगळे मोजावे. घरातल्या विजेचा प्रवाह हातातून गेला की दोन्ही बाजूंचे स्नायू आवळतात. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असल्यामुळे मूठ वायरवरच मिटते. 'वायरने धरून ठेवले' असे माणूस सांगतो ते यामुळे. बाहेरून चटक्याचा एवढासा डाग दिसतो आणि आत स्नायू भाजलेला असू शकतो. शॉकनंतर पुढचा हात टणक होऊन फुगला, बोटे सरळ केल्यावर असह्य कळ आली किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर ती तासाभराचीही सवड नसलेली आपत्ती आहे. तडक रुग्णालय गाठावे. छातीत धडधड झाली असेल किंवा भोवळ आली असेल तर ईसीजी काढलाच पाहिजे. मुंग्या आणि अशक्तपणा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. म्हणून हाताची तक्रार घेऊन आल्यावर 'मागे शॉक लागला होता का' हे डॉक्टरांनी विचारावे, आणि त्यांनी नाही विचारले तर वायरमनने सांगावे. 'किरकोळ होता' म्हणून गाळू नये.

घरगुती आणि दुकानी उपायांकडे वळायचे तर पहिला मान वेदनाशामकांचा. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा दोन-चार दिवसांचा वापर सूज उतरवायला ठीक आहे. महिनोन्‌महिने रोज एक गोळी घेतली तर जठराला व्रण होतो, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडे झिजतात. त्यातही घामाने शरीरातले पाणी आटलेले असताना घेतलेली गोळी मूत्रपिंडावर जास्त बेतते. उन्हाळ्यात उपाशीपोटी गोळी घेऊन शिडीवर चढणारा वायरमन हे सगळे एकाच वेळी करत असतो. बिननावाच्या पुडीने 'एका दिवसात आराम' पडत असेल तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते. नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रेगाबॅलिन किंवा गाबापेंटिन ही औषधे उपयोगी आहेत, पण त्यांनी गुंगी येते, चक्कर येते. वीस फूट उंचीवर काम करणाऱ्याला ती लिहून देताना डॉक्टरने त्याचे काम विचारले नसेल, तर ते औषध जिवावर बेतू शकते.

आणखी एक उपाय हल्ली बऱ्याच मनगटांवर दिसतो: तांब्याचे कडे. दुखण्यावर त्याचा गुण चाचण्यांत आढळलेला नाही. इतर कोणी घातले तर श्रद्धेचा प्रश्न म्हणून सोडून देता येईल. पण वायर ज्या धातूची बनते तोच धातू मनगटात घालून वायरमनने पॅनलमध्ये हात घालावा, याला काय म्हणावे! अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ, काम सुरू करण्याआधी सगळे उतरवून ठेवावे.

खरा फरक पडतो तो कामाच्या पद्धतीत. मनगट सरळ किंवा किंचित मागे झुकलेले असते तेव्हा मुठीत सर्वाधिक जोर असतो. ते आत वाकले की जोर घटतो आणि तेवढ्याच कामासाठी दोऱ्यांना जास्त ओढ बसते. म्हणून मनगट वाकवण्यापेक्षा आपली उभे राहण्याची जागा बदलावी, घोडा अर्धा हात सरकवावा. हा आळस महागात पडतो. जोर लावायच्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ तीन ते पाच सेंटिमीटर जाड असावी. बारीक मुठीला चिमटीत धरावे लागते. पकडीचे दांडे तळहात ओलांडून बाहेर येण्याएवढे लांब हवेत, नाहीतर त्यांचे टोक नेमके मीडियन नर्व्हवर रुतते. दांडे जाड करण्यासाठी सायकलची ट्यूब किंवा चिकटपट्टी गुंडाळणारे बरेच आहेत. मूठ त्याने मऊ होते, पण ते विजेपासूनचे संरक्षण नव्हे. १००० व्होल्टचा शिक्का असलेल्या मूळ आवरणाची जागा ते घेऊ शकत नाही. बोथट कटर हा तर हाताचा उघड शत्रू आहे. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहताना धार गेलेला कटर आणि झिजलेला स्क्रू ड्रायव्हर बाजूला काढून नवा आणला, तर पूजा सार्थकी लागेल.

वायर मुठीला गुंडाळून ओढू नये. खेचायला दांडी वापरावी, एकाने ओढावे, दुसऱ्याने पलीकडून सरकवावे, पाइपात टाल्कम पावडर किंवा वायर ओढण्याचे खास वंगण वापरावे. हाताच्या दुखण्यावरचा एक उपाय तर बांधकामाच्या नकाशातच असतो. २० मिलिमीटरच्या पाइपात कोंबाकोंबी करण्याऐवजी जिथे वायरी जास्त तिथे २५ चा पाइप टाकला, वळणे कमी ठेवली आणि मध्ये बॉक्स दिला, तर वायर अर्ध्या जोराने निघते. बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर पिळे वाचवतो. त्याचा जोर मर्यादेत ठेवायला मात्र शिकले पाहिजे. दर अर्ध्या तासाने अर्धे मिनिट मूठ उघडून बोटे ताणणे आणि एकच काम सलग दिवसभर न करता झिरी, वायर, बोर्ड अशी आलटापालट करणे याला पैसे पडत नाहीत. पडतो तो वेळ, आणि पॉइंटच्या भावात वेळ धरलेला नसतो.

इथे ठेकेदार आणि घरमालक या दोघांनाही जबाबदारी झटकता येणार नाही. दिवाळीच्या आत गृहप्रवेश हवा म्हणून तीन आठवड्यांचे वायरिंग दहा दिवसांत करून घेणारा घरमालक त्या घाईची किंमत वायरमनच्या मनगटातून वसूल करत असतो. साइटवर पिण्याचे थंड पाणी, दुपारी तासभर सावली, तात्पुरता एक पंखा आणि ब्रेकरवर आळीपाळीने दोन माणसे, एवढे मागणे जास्त नाही. आयटीआयमध्ये शॉकपासून जीव कसा वाचवायचा ते शिकवतात. त्याच तासाला हत्यार कसे धरावे आणि मुंग्या आल्या तर कोणाकडे जावे हेही सांगितले पाहिजे.

कार्पल टनेल लवकर सापडला तर उपचार सोपा आहे. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा पाच-सहा आठवडे बांधायचा. हा पट्टा आतून पट्टी असलेला हवा. क्रेप बँडेज करकचून गुंडाळणे म्हणजे दबलेल्या नर्व्हला आणखी दाबणे. सोबत साखर आणि थायरॉइड ताब्यात आणायचे, कामाची पद्धत बदलायची. त्याने भागले नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन; आराम पडतो, बहुधा काही महिन्यांपुरता, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. पुडीतले स्टेरॉइड आणि हे इंजेक्शन यांची गल्लत करू नये. मुंग्या सतत राहू लागल्या, पकड कमी झाली, तर नसांची तपासणी, एनसीव्ही, करून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो. हात तेवढाच बधिर करून झाकणाचा पट्टा कापायचा, एवढीच ती शस्त्रक्रिया. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. हलके काम लवकर जमते, पण पक्कड जोराने आवळायला दीड-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात.

ते दोन महिने घर कसे चालवायचे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपेक्षा मोठा असतो आणि म्हणूनच ती पुढे ढकलली जाते. कारखान्यात किंवा नोंदणीकृत आस्थापनेत असलेल्या, अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला राज्य कामगार विमा योजनेतून आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. सुट्टे काम करणाऱ्यांना हे छत्र नाही. इमारतींच्या कामावर वायरिंग करणाऱ्यांना राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते: वय १८ ते ६०, आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवसांचे काम. अनेक वायरमन स्वतःला बांधकाम मजूर समजत नाहीत, म्हणून नोंदणीला जातच नाहीत. ती दुखणे उद्भवायच्या आधी करून ठेवावी.

शस्त्रक्रियेची वेळही कामाचा हंगाम पाहून ठरवता येते. दिवाळीआधीचे दोन महिने वायरमनला उसंत नसते. पावसाळ्यात कामे मंदावतात, तेव्हा हात मोकळा ठेवणे सोपे जाते. दोन्ही हातांना त्रास असेल तर बहुतेक जण आधी जास्त बधिर असलेल्या हाताची शस्त्रक्रिया करून घेतात, दुसऱ्याची नंतर. अंगठ्याच्या बुडाचा फुगीर मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या मानाने बसका दिसू लागला असेल, तर मात्र स्नायू झडायला लागला आहे. तो पूर्ण भरून येण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अशा हाताने पावसाळ्याची वाट पाहू नये; त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.